दादूसच्या पाठीवरचा धपाटा

या पानावरचे अनुभव मी आजवर निव्वळ टाइमपास म्हणून वाचत आलेय, खोटं कशाला बोलू! कुणाला चिंचेखाली बाई दिसली, कुणाच्या गाडीत मागे कोण येऊन बसलं... खाली माझी कमेंट ठरलेली, "ताई, झोप पूर्ण घ्या." गावात कुणाला काही 'लागलं' म्हटलं की सगळ्यात आधी फिदीफिदी हसणारी मीच. आता हसायची पाळी तुमची. हसा बिनधास्त, किस्सा रडका नाहीच आहे.

आम्ही पनवेलजवळच्या कोन गावचे, आगरी. मी सरकारी स्कॉलरशिपवर स्कॉटलंडला मास्टर्स करायला गेले होते. विषय — खाडीचा गाळ! माझा मोठा भाऊ, आमचा दादूस, गावभर सांगत सुटला, "चिखल बघाला इमानानं चाललीय. आपल्या खाडीत काय कमी होता?" पण एअरपोर्टवर सगळ्यात मोठ्यानं रडला तोच. मी त्याच्या पाठीत एक सणसणीत धपाटा घातला तेव्हा कुठे गप्प झाला. लहानपणी त्यानं मला सायकलवरून पाडलं, माझी उजवी करंगळी कायमची वाकडी झाली... तेव्हापासून राग आला तरी धपाटा, लाडात आले तरी धपाटा, हा माझा हक्कच आहे.

मी तिकडे असतानाच त्याचं लग्न ठरलं. आणि नेमकी हळदीच्याच दिवशी माझी व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा! तारीख बदलून मागितली, तर सरळ नाही म्हणाले. व्हायवा चुकवली असती तर स्कॉलरशिप बंद, कोर्स अर्धवट टाकून घरी. आणि लग्नाला नाही गेले तर? मी एकुलती एक बहीण, म्हणजे करवली. आमच्या घरात करवलीची हळद लागल्याशिवाय बाकीच्या बायका नवरदेवाला हातसुद्धा लावत नाहीत.

आय म्हणाली, आतेबहिणीला उभी करू. दादूस फोनवर गरजला, "करवली माझी एकच हाय. ती नाय तर कोन नाय. जागा मोकली ऱ्हाईल." मग मला हळूच म्हणाला, "तू परीक्षा दे गं. मी हाय ना हितं." फोन ठेवून मी उशीत तोंड खुपसून ढसाढसा रडले. मला त्याच्या हळदीला जायचं होतं हो, दुसरं काही नको होतं.

इकडची हळदीची संध्याकाळ म्हणजे तिकडची ऐन दुपार. फोन बंद करून बॅगेत टाकला आणि आत गेले. समोर दोन प्रोफेसर, एक सर आणि एक बाई. व्हायवा मस्त चालली होती. मी बोर्डवर भरतीचा आलेख काढत होते आणि एकदम — वास! तेलात कालवलेल्या ओल्या हळदीचा वास. त्या खोलीत कॉफीशिवाय आजवर कसलाही वास आला नव्हता. मी खडू... छे, मार्कर डाव्या हातात घेतला, कारण उजवा तळहात झणझणायला लागला. जोरात कुणाला मारल्यावर झणझणतो ना, अगदी तसाच.

"हाताला काय लागलंय तुमच्या?" बाईंनी विचारलं. बघते तर काय, तळहात पिवळाधमक! मार्कर तर निळा होता.

मी घाबरायला हवं होतं, नाही का? पण काय सांगू, मला इतका आनंद झाला की हसू आवरेना. दोघे प्रोफेसर बघतच राहिले. राहिलेली सगळी उत्तरं मी हसत हसत दिली.

बाहेर येऊन हाताला साबण लावला तर फेस लालभडक. हळदीच्या डागाला साबण लागला की काय होतं हे स्वयंपाकघरात वावरणाऱ्या कुणालाही विचारा. आणि आयनं बांधून दिलेली हळद माझ्याकडे कधीच संपली होती.

घरी फोन लावला. मागे डीजेचा दणदणाट. आय ओरडतच होती, "अगो बाय माझे! आयकलास काय झाला तं?" आणि तिनं जे सांगितलं ते असं.

आमच्याकडे लग्नात धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गायला धवलारीण असते. आमची हिराकाकी. ती गाण्यात एकेकाचं नाव घेते, ज्याचं नाव येईल त्यानं उठून हळद लावायची. या वेळी प्रणालीचं, म्हणजे माझं, नाव गाळा असं सगळ्यांनी तिला बजावलं होतं. पण आमच्या घरची सगळी लग्नं तिनंच गायलेली... जिभेचं वळण! घेतलं नाव. आणि काकीचा नियम असा की एकदा घेतलेलं नाव सोडून पुढे जायचं नाही, मग समोर आमदार का बसलेला असेना. काका म्हणाले, "काकी, पुढं चला की." काकी डोळे मिटून तीच ओळ, पुन्हा तीच ओळ. बायका डोळे पुसायला लागल्या, कुणीतरी अपशकुन म्हणालं.

आणि तेवढ्यात — धप्प!

"आयो! कोन मारतंय रं?" दादूस पाटावरून उडालाच. मागे फक्त फुलांचा पडदा, माणूस कुणी नाही. पण त्याच्या पांढऱ्या बनियनवर, पाठीच्या मधोमध, हळदीचा पंजा. काकीनं डोळे उघडले, "आयली," म्हणाली आणि सरळ पुढचं नाव घेतलं. व्हिडिओवाला नेमका तेव्हाच बॅटरी बदलत होता. हो हो, माहितेय तुम्ही काय म्हणणार ते. मीही हेच म्हटलं असतं.

डिग्री घेऊन परत आले तेव्हा वहिनीनं कपाटातून ते बनियन काढलं. अजून धुतलेलं नाही. मी त्यावर हात ठेवला. बोटाला बोट बसलं, आणि वाकडी करंगळी बरोबर वाकड्या जागी.

हिराकाकीला विचारलं तर ती माझ्यावरच खेकसली, "आयलीस तू, आन इचारतस मना?"

मग दादूसला विचारलं, "भीती नाही वाटली तुला?"

"तुझ्या हाताला भ्याचा कशाला? मी वलून बघायच्या आधीच वलखला."

"मग 'कोन मारतंय' म्हणून बोंबललास कशाला?"

"लागला ना गं!" म्हणाला, आणि डोळे पुसायला लागला.

मी सायन्सवाली बाई आहे. खूप डोकं खाजवलं, पण मला याचं उत्तर मिळालेलं नाही. तुमच्याकडे असेल तर खाली जरूर लिहा. फक्त झोप पूर्ण घ्या असं म्हणू नका... मी त्या वेळी टक्क जागी होते, आणि माझ्या भावाच्या हळदीला हजर होते.