दाजी, बोअरचं पाणी आणि खडकातला गॅस

पाण्याचा एक घोट घेऊन ते कोणत्या शिवारातलं आणि किती फुटांवरचं हे सांगणारा माणूस उभ्या मराठवाड्यात एकच आहे, आणि तो माझा साडू आहे. माझी बायको थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला दाजी म्हणते, म्हणून मीही त्यांना दाजीच म्हणतो, आणि आता सगळं गावही; ते मला ‘पाव्हणं’ म्हणतात. चाकूरच्या अलीकडे एका लहानशा गावात त्यांचं घर आहे. हयातभर त्यांनी एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचराची नोकरी केली. कागदोपत्री त्यांचं काम काचसामान धुण्याचं. पण नव्याने रुजू झालेले प्राध्यापक ॲसिडात पाणी घालायचं की पाण्यात ॲसिड, हे त्यांनाच बाजूला घेऊन विचारून घेत. निवृत्त झाल्यावर माणसं देवधर्माला लागतात, दाजी पाण्याला लागले. कुणाच्याही घरी गेले की आधी पाणी मागतात, घोट तोंडात घोळवतात, डोळे मिटतात, आणि यजमान चहा टाकायचा की नाही या विचारात तसाच उभा राहतो. एकदा लोह्याला एका लग्नात पंगत जिलबीची वाट बघत होती, तेव्हा दाजी पेला घेऊन उठले आणि थेट वधूपित्यापाशी गेले. म्हणाले, “हे टँकरचं हाय. अन् टँकर धुतलेला न्हाई.” टँकरवाल्याला बोलावलं, तर त्याने इन्कार करायचं सोडून “तुमाला कुणी सांगितलं?” असं विचारलं. त्या दिवशी सगळी पंगत ताकावर उठली.

मुलीचं स्थळ बघायला गेले तिथेही तेच. घरी येऊन म्हणाले, “पोराचं समदं चांगलं हाय. पाणी मचूळ हाय.” दोन दिवस त्यांचा निर्णय होईना. शेवटी आमच्या अक्का, म्हणजे त्यांच्या सौभाग्यवती, म्हणाल्या, “पोरीला तिथं नांदायचंय, मासा म्हणून सोडायचं न्हाई.” तेव्हा कुठे सुपारी फुटली. पोर सुखात आहे. दाजी मात्र तिच्याकडे जाताना अजून आपला कॅन घेऊन जातात. गावात बावीस बोअर आहेत. दर हंगामाला दाजी त्या बावीसही बोअरचं पाणी औषधाच्या, सरबताच्या, मिळेल त्या बाटल्यांत भरतात आणि चिठ्ठी चिकटवतात: मालक, खोली, तारीख, रंग, वास आणि चव. चवीच्या रकान्यात ‘गोड’, ‘बरं’, ‘रुसलेलं’ असे शेरे असतात. एका बोअरच्या चिठ्ठीवर त्यांनी ‘मालकासारखं’ असं लिहिलं, तर तो मालक वर्षभर त्यांच्याशी बोलला नाही. अक्कांची तक्रार एवढीच, की लोणचं घालायला घरात बरणी उरत नाही.

मागच्या हिवाळ्यात गावात नारिंगी जाकिटं घातलेली माणसं आली. हरभऱ्याच्या रानांतून त्यांनी मैलभर काळ्या तारा अंथरल्या, जागोजाग खोल भोकं पाडली आणि त्यात लहान लहान सुरुंग उडवायला सुरुवात केली. दर धमाक्याला पायाखाली बारीक थरथर व्हायची. आमच्या लातूर भागात जमीन थरथरली की माणूस आधी घराबाहेर येतो, मग कारण विचारतो. इथे कारण कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. कुणी म्हणालं तेल आहे, कुणी म्हणालं गॅस. तेवढ्यात कुठल्यातरी दूरदेशीचा व्हिडिओ घरोघरच्या मोबाइलवर आला. त्यात एक बाई नळाखाली काडी धरते आणि पाणी पेट घेतं. दुसऱ्या दिवशी गावातल्या निम्म्या बायकांनी नळाखाली काडी धरून पाहिली. पाणी काही पेटलं नाही, पण विश्वासही बसला नाही.

दाजी व्हिडिओवर विसंबणारे नव्हेत. ते आपल्या जुन्या कॉलेजात गेले, प्राध्यापकांकडून कागद वाचून घेतले आणि मला नांदेडला फोन लावला. मी एका छापखान्यात मुद्रितं तपासतो, म्हणून गावातला कुठलाही लेखी मजकूर माझ्या हातूनच गेला पाहिजे असं त्यांना वाटतं. “पाव्हणं, ह्ये गॅस विहिरीवाणी एका जागी नसतोय,” ते म्हणाले. “दगडाच्या फटीफटीत असतोय. मंग पाणी, रेती अन् रसायन दाबानं आत घालून त्यो दगुडच फोडायचा. लई पाणी लागतंय त्याला. आपल्या इथं मार्चात टँकर येतोय, हेनला कुठून द्यायचं? अन् वापरलेलं घाण पाणी वर आलं, तर त्ये ठेवायचं कुठं?” मग त्यांनी पत्रक लिहून पाठवलं. त्याचं नुसतं शीर्षक चार ओळींचं होतं आणि पहिल्याच वाक्यात अकरा प्रश्न होते. मी त्यातले सहा काढले. दाजींनी फोन करून सहाही परत घालायला लावले.

पत्रक वाटून आठवडा झाला नसेल, तोच शाळेमागच्या सार्वजनिक बोअरचं पाणी बिघडलं. आधी तांबूस झालं, मग त्यावर तेलाचा तवंग दिसू लागला आणि वास सुटला. निम्मं गाव त्या बोअरवर. बायका हंडे घेऊन दीड किलोमीटरवरच्या मळ्यात जाऊ लागल्या. आता कुणाला शंकाच उरली नाही. तहसीलवर मोर्चा ठरला, आणि दाजींनी पुढे चालायचं, एका हातात दिवाळीतली स्वच्छ पाण्याची बाटली, दुसऱ्या हातात आजची, असंही ठरलं. त्याआधी गावात ग्रामसभा होती, सर्वेक्षणवाल्यांच्या अधिकारी बाई स्वतः येणार होत्या. अक्कांनी मला बोलावून घेतलं. मी पोचलो तेव्हा दाजी ओसरीवर बसून दोन बाटल्या उन्हात धरून बघत होते. तीन दिवस त्यांनी नीट जेवण केलं नव्हतं.

“तवंग लई पातळ हाय,” ते मला म्हणाले. “अन् ह्यो वास मला वळखीचा वाटायलाय.”

ते उठले आणि सलीमभाईंच्या दुकानात गेले, पाठोपाठ मी. सलीमभाई मोटर रिवाइंडिंग करतात. आसपासच्या पाच गावांतल्या पाण्यातल्या मोटारी त्यांच्या हाताखालून गेलेल्या, आणि दाजींची त्यांची मैत्री तर शाळेपासूनची. बोअरातली मोटर वर काढायची असं दाजींनी त्यांना सांगितलं. ते कप्पी आणि दोर घेऊन निघाले. चार जणांनी ओढून मोटर वर काढली. लोखंडी पाइप गंजून चाळणी झाला होता, पाण्याचा तांबूस रंग त्याचा. मोटारीच्या खालच्या अंगाला तेल पाझरलेलं. सलीमभाईंनी ती आडवी केली, बोट फिरवलं आणि तिथेच बसून राहिले.

“सील गया है, दाजी,” ते म्हणाले. “मोटर का तेल पानी में उतर रहा है. अन् वो सील पिछले साल मैंच बिठाया था.”

दाजी त्यांच्या शेजारी मातीत बसले. मला वाटलं, आता हे दोघे एकमेकांकडे बघून काहीतरी ठरवतील. मोटर गुपचूप परत सोडली असती तरी कुणाला कळलं नसतं. सभेत गावाची बाजू भक्कम राहिली असती, सलीमभाईंचं नावही वाचलं असतं. पण सलीमभाईच म्हणाले, “मैं बोलूं क्या सभा में?” दाजी म्हणाले, “तू कशाला? पत्रक मी काढलंय.”

दुपारी शाळेच्या मैदानावर सभा भरली. अधिकारी बाई वयाने दाजींच्या मुलीएवढ्या होत्या. त्या बोलायच्या आतच दाजी उठले. दोन्ही बाटल्या त्यांनी टेबलावर ठेवल्या आणि म्हणाले, “शाळंमागचं पाणी आपल्याच मोटरीनं नासलंय. ह्या बाईंच्या सुरुंगानं न्हाई.” मागून एक जण चिडून म्हणाला, “दाजी, तुमी नेमके कुणाच्या बाजूचे?” दाजी वळले. “मी खोटं बोललो, तर उद्या खरंच पाणी नासलं तवा माझं कोण ऐकल?” सलीमभाई मधल्या रांगेत उभे राहिले आणि सील आपणच बसवलं होतं, नवं स्वतः बसवून देऊ, हे त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं.

त्यानंतर दाजींनी खिशातून पत्रक काढलं आणि अकराही प्रश्न विचारले. गंमत अशी, की बाईंच्या विरुद्धचा पुरावा नुकताच स्वतःहून खोडणाऱ्या माणसाचे प्रश्न त्यांनाही टाळता येईनात. त्यांनी एकेकाचं उत्तर दिलं. हे सुरुंग फक्त जमिनीखालचे थर समजून घेण्यासाठी आहेत. इथे खडक फोडायचं काम ठरलेलं नाही. पुढेमागे ठरलंच तर वेगळी परवानगी लागेल, लोकांची सुनावणी होईल. दाजी म्हणाले, “लिहून द्या.” बाईंनी लिहून दिलं. “अन् तसलं काही करायच्या आधी आमच्या बाविसी बोअरचं पाणी तपासायचं, ह्येबी लिवा.” बाईंनी तेही लिहिलं, आणि जाताना बाटल्यांच्या चिठ्ठ्यांचे फोटो काढून घेतले. पंधरा दिवसांनी तारा गुंडाळून गाड्या निघून गेल्या. महिनाभराने पंचायतीला पत्र आलं, की या भागातलं काम संपलं असून पुढचं कोणतंही काम प्रस्तावित नाही.

पत्र आलं त्या दिवशी मी गावातच होतो. शाळेमागचं पाणी केव्हाच निवळलं होतं. दाजींनी पत्र दोनदा वाचलं, शुद्धलेखनासाठी माझ्याकडे दिलं, पोटभर जेवले आणि अंगणातल्या बाजेवर आडवे झाले. दिवसा झोपलेले दाजी मी आजवर पाहिले नव्हते. सलीमभाई काहीतरी सांगायला आले, पण दारातूनच “सोने दो” म्हणत परत गेले. अक्का भाजी निवडत होत्या. म्हणाल्या, “आवंदा लई वाळले हो तुमचे दाजी.” माझी नांदेडची बस निघून गेली, पण मी उठलो नाही. असले प्रश्न पुन्हा कधी विचारायची वेळ आली, तर त्या वेळी ते कोण विचारेल, हा विचार मनात आला आणि मी तो तसाच सोडून दिला. चारच्या सुमाराला ऊन त्यांच्या पायांवर आलं. अक्कांनी खूण केली. त्यांनी उशाकडून आणि मी पायाकडून धरून बाज अलगद उचलली आणि लिंबाच्या सावलीत नेऊन ठेवली. अख्ख्या गावाला पुरून उरणारा तो माणूस इतका हलका असेल, असं मला वाटलं नव्हतं.