प्रार्थनेचा विषय

आमच्या चर्चच्या मागच्या खोलीत दर शनिवारी सकाळी सात वाजता पुरुषांची प्रार्थना असते. महिला मंडळाला चाळीस-पन्नास बाया जमतात. आम्ही सहा-सात जण. त्यातले दोघं फक्त पोह्यांसाठी येतात असं पाळकसाहेब म्हणतात, आणि ते काही खोटं नाही.

पद्धत अशी की आधी एक गीत, मग शास्त्रवाचन, आणि मग गोल बसून प्रत्येकानं आपला प्रार्थनेचा विषय द्यायचा. शेवटी एक जण सगळ्यांचे विषय घेऊन मोठ्यानं प्रार्थना करतो. अकरा वर्षं मी त्या गोलात बसतो आहे. कोणाच्या बायकोचा कोणता गुडघा दुखतो, कोणाच्या सासूची शुगर किती, कोणाच्या जावयाची बदली कुठे अडली, मला सगळं तोंडपाठ. पण गोलात बसलेल्या माणसाचं स्वतःचं काही दुखतं का, हे मात्र अकरा वर्षांत कळलं नव्हतं. पुरुष माणूस विषय देतो तो घरातल्या दुसऱ्या कोणाचा. आपण धडधाकट, आपण नुसता निरोप घेऊन आलो.

मीही त्यातलाच. माझा बाप मिशनच्या दवाखान्यात माळी होता. आमच्या खानदानात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. बी.कॉम. झालो, सरकारी ऑफिसात लागलो, आता हेड क्लार्क आहे. पदवी घेतानाचा फोटो हॉलमध्ये लावला आहे, येशूच्या फोटोच्या बाजूला. बायको म्हणते, पाहुण्याला दोघांपैकी आधी कोणता फोटो दाखवायचा ते तुम्हाले बरोब्बर माहीत आहे. म्हणो बापडी. मला अभिमान आहे आणि मी तो लपवत नाही.

मुलगी आमची एकुलती. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. उन्हाळ्यातली परीक्षा संपली त्याच आठवड्यात, मी अंगणात स्कूटर धूत असताना ती येऊन उभी राहिली.

"पप्पा, मी या वेळचे पेपर देले नाही."

"कोणते?"

"एकही नाही. रोज हॉलपर्यंत जायची आणि मागं फिरायची. लायब्ररीत बसून राहायची."

"काहून?"

"हात थरथरते. पेन धरता येत नाही. मले नाही जमत हे." मग म्हणाली, "मम्मीले सांगू नका. माझं मी सांगीन तिले. कोणालेच सांगू नका."

"नाही सांगत," मी म्हटलं.

हे इथे लिहिण्याआधी मी तिला विचारलं आहे. ती म्हणाली, लिहा, पण कोणाचंच नाव नको.

चार दिवस मी गप्प राहिलो. पाचव्या दिवशी शनिवार होता. माझ्या शेजारच्यानं बायकोच्या थायरॉइडचा विषय दिला, माझी पाळी आली, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "माझ्या मुलीसाठी प्रार्थना करा. तिनं परीक्षा सोडली. घरी अजून कोणाले माहीत नाही."

सगळे चुकचुकले. आमच्यातला रिटायर एसटी ड्रायव्हर, माझा जुना दोस्त, त्यानं खांद्यावर हात ठेवला. त्या दिवशी प्रार्थना करायची पाळी त्याचीच होती. आमच्याकडे प्रार्थनेत देवाला सगळं तपशीलवार सांगायची सवय आहे, जसं काही त्याला पत्ताच नाही. त्यानं मुलीचं वर्ष सांगितलं, ब्रँच सांगितली, पेपर किती तेही सांगितलं. मी डोळे मिटून आमेन म्हटलं. घरी येताना हलकं वाटत होतं. ते हलकं वाटणं मला आजही टोचतं.

दुसऱ्या दिवशी उपासना सुटली. पायऱ्यांवर मुलगी आणि माझी बायको चपला घालत होत्या. महिला मंडळातल्या एका आंटीनं मुलीचा हात दोन्ही हातांत घेतला.

"घाबरू नको वं बेटा. आम्ही सगळ्या तुझ्यासाठी प्रार्थना करून राहिलो. पेपर काय, पुढच्या साली देता येते."

बायकोनं विचारलं, "कोणते पेपर?"

आंटीच्या लक्षात आलं, पण तोवर व्हायचं ते झालं होतं. मुलीनं हात सोडवला. तिनं माझ्याकडे कसं पाहिलं ते मी सांगू शकत नाही, कारण मी तेव्हा चर्चच्या घंटेकडे पाहत होतो.

घरी आल्यावर बायको रडली. मुलगी रडली नाही. एवढंच म्हणाली, "मी तुम्हाले सांगितलं होतं, पप्पा. देवाले तर माझं मीच सांगितलं असतं."

त्यानंतर तिनं माझ्याशी बोलणं टाकलं. आदळआपट नाही, काही नाही. चहाचा कप समोर यायचा. काही विचारलं तर उत्तर आईकडे पाहून द्यायची. मला पेपरांचं दुःख उरलंच नाही. एकच भीती बसली, की ही पोरगी आता जन्मात मला काही सांगणार नाही. तिचे हात थरथरले तरी नाही, आणि पुढे कोणी तिला त्रास दिला तरी नाही. पहिल्यांदा ती आईला सोडून माझ्याकडे आली होती, आणि चार दिवसांत मी ते वाटून टाकलं.

पुढच्या शनिवारी मी भांडायलाच गेलो. गीतही होऊ दिलं नाही.

"माझ्या घरची गोष्ट बाहेर कोणी नेली?"

ड्रायव्हरनं लगेच हात वर केला. "मी बायकोले सांगितली. खोटं कायले बोलू? प्रार्थनेसाठीच सांगितलं ना गा. जितके जास्त लोकं, तितकी जास्त प्रार्थना, तूच तर म्हणते."

"आणि तिनं?"

"तिनं त्याच संध्याकाळी महिला मंडळात विषय देला."

"वा! म्हणजे आता पेपरात छापून आणायचं तेवढं राहिलं!"

आमच्यात सगळ्यांत वयस्कर आहेत ते महाल भागात टेलरिंगचं दुकान असलेले काका. ते चष्मा पुसत होते. मान वर न करता म्हणाले, "त्याच्यावर काहून ओरडून राहिला? पहिले घराच्या बाहेर तर तूच आणली ना. पोरीनं तुले सांगितलं होतं का पुरुष मंडळाले?"

"मी तिच्यासाठीच..."

"तिच्यासाठी आणली, तर तिले विचारून आणायची होती." त्यांनी चष्मा लावला. "हे पाह्य, मी चाळीस वर्षांपासून लोकाइचे मापं घेऊन राहिलो. टेप लावला का माणूस पोट आत घेते. तेवढ्या वेळापुरतंच घेते, अन् मंग पँट बसत नाही म्हणून मलेच शिव्या देते. आपण सगळे इथं पोट आत घेऊन बसतो. तुझा विषय सांग. तुझा. पोरीचा नाही."

मला वाटलं उठून निघून जावं. पण जाऊन बसणार कुठे, घरी?

"मले लाज वाटली," मी म्हटलं. "ती हातांबद्दल सांगत होती, अन् माझ्या डोक्यात पहिले आलं ते का आता ऑफिसात काय सांगू. तिचे हात नंतर आठवले. कोणी मागून हसण्यापेक्षा आपणच प्रार्थनेच्या नावानं सांगून टाकावं, म्हणजे लोकं हसण्याऐवजी खांद्यावर हात ठेवतील. माझा विषय हा आहे. लेकीपेक्षा मले माझी पदवी प्यारी आहे का, हे मलेच समजून नाही राहिलं."

कोणी माझ्याकडे पाहिलं नाही, आणि बरं केलं. आमच्या पुरुषांना एकमेकांच्या डोळ्यांतलं पाणी पाहायची सवय नाही. अशा वेळी खाली अंथरलेल्या चादरीची वीण मोजावी लागते.

मग ड्रायव्हर बोलला. त्याचा मुलगा पुण्याला असतो, फोन करतो तो आईलाच. "मी दर वर्षी साक्ष देतो का नाही, प्रभूनं माझी दारू सोडवली, राग सोडवला? तुम्ही सगळे टाळ्या वाजवता. पण त्या रागात बेल्ट ज्याच्या पाठीवर पडला, त्याले मी आजपर्यंत म्हटलं नाही का बाबा, माझं चुकलं. साऱ्या चर्चले सांगितलं. त्यालेच सोडून."

"मंग लाव ना फोन," टेलर काका म्हणाले.

"लावीन."

"कधी?"

"लावीन म्हटलं ना बे, काका!"

कोणीतरी हसलं आणि सगळे हसलो. त्या दिवशी लांबलचक प्रार्थना झालीच नाही. काका फक्त म्हणाले, "प्रभू, तू ऐकलं आहे. आमेन." पोहे गार झाले होते, तसेच खाल्ले.

दर रविवारी आम्ही उभे राहून एका सुरात म्हणतो, आम्ही पापी आहोत, आमच्या हातून चुका झाल्या. शंभर जण एकदम म्हणतात म्हणून सोपं जातं. एकट्यानं, एका माणसापुढे, आणि तेही आपल्याच पोटच्या पोरीपुढे म्हणायचं तर शब्द सापडत नाहीत. माझ्या बापानं मला कधी म्हटलं नव्हतं. त्याच्या बापानं त्याला म्हटलं असेल, असं वाटत नाही.

त्या दुपारी ती कूलरच्या टाकीत पाणी भरत होती. मी बाजूला जाऊन उभा राहिलो.

"मी तुझं नाव पुढं करून माझी लाज हलकी केली. तुले शब्द देला होता, तो मोडला. माझं चुकलं."

ती पाण्याकडे पाहत होती. "टाकी भरली," म्हणाली, "नळ बंद करा."

मी नळ बंद केला. एवढंच झालं. माझी समजूत अशी होती, की माफी मागितली की झालं. तसं नसतं. पुढचे तीन आठवडे चहाचा कप तसाच, न बोलता येत राहिला. तिनं कॉलेज सोडायचं ठरवलं हे मला बायकोकडून कळलं, आणि मी विचारलंही नाही की मला काहून नाही सांगितलं.

मग एका सकाळी तीच म्हणाली, "कॉलेजात पालकाची सही लागते. मम्मीले ड्यूटी आहे." बायको नर्स आहे. म्हणजे मी दुसऱ्या नंबरवर होतो, पण होतो.

खिडकीवरच्या क्लार्कनं तिच्या डोक्यावरून माझ्याकडे पाहिलं. "काय झालं साहेब? चांगली सीट होती. काहून काढून राहिले पोरीले?"

माझ्याकडे उत्तरं तयार होती, दोन-तीन, चांगल्या भाषेतली. मी म्हटलं, "तिले विचारा."

"फॉर्मवर लिहिलं आहे मी," ती म्हणाली.

फॉर्म माझ्यासमोर आला. वर तिचं अक्षर, कारणाच्या रकान्यात पाच-सहा ओळी, खाली पालकाच्या सहीची जागा. अख्ख्या मोहल्ल्याचे अर्ज मी लिहून देतो. कागद वाचल्याशिवाय मी आयुष्यात सही केलेली नाही, आणि ऑफिसात त्यासाठी माझी ख्याती आहे. माझ्या बापानं माझ्या कॉलेजच्या फॉर्मवर सही केली, तेव्हा त्याला वाचताच येत नव्हतं. मला येत होतं. मी नजर खालच्या रेघेवर ठेवली आणि सही केली.

पार्किंगमध्ये ती म्हणाली, "तुम्ही वाचलं नाही."

"नाही."

"दूधवाल्याची चिठ्ठी तर दोनदा वाचता."

मी गाडीला किल्ली लावली. ती मागे बसली. पहिल्या सिग्नलला थांबलो तेव्हा ती थोडी पुढे झुकली आणि कारणाच्या रकान्यात काय लिहिलं होतं ते माझ्या कानाशी सांगू लागली. ते मी इथे लिहिणार नाही. सिग्नल सुटला, मागून हॉर्न वाजायला लागले, पण तिचं सांगणं संपलं नव्हतं, म्हणून मी गाडी डावीकडे घेतली आणि हळूहळू चालवत राहिलो.