परब सरांच्या बुरशीच्या कडा

मुक्ता, निखिल,

मुक्ताने मागच्या पत्रात लिहिलं होतं की ती संगणकावर पेशींचे पुंजके कसे पसरतात याचं गणित मांडते आहे, आणि पुढे, "आजी, तुला हे कंटाळवाणं वाटेल." कंटाळा नाही आला. पत्र वाचून मी दोन दिवस चिडचिडत होते, तुमच्या आजोबांना उगाच बोलले. कारण हेच गणित मी १९५५च्या सुमारास जवळून पाहिलं आहे, आणि ते माझ्याच हातून बुडालं. ज्यांचं ते होतं, त्या परब सरांबद्दल आता लिहायलाच हवं.

परब सर पसरणाऱ्या कुठल्याही गोष्टीभोवती पेन्सिलने रेघ मारत. चहा सांडला की फडक्याआधी पेन्सिल. एकदा प्राचार्यांच्या खोलीत ते पगाराबद्दल बोलायला गेले आणि बोलता बोलता भिंतीवरच्या ओलीभोवती रेघ मारून बाजूला वेळ लिहून आले. पगार वाढला नाही. अंधेरीच्या बाजूला एका कॉलेजात ते गणित शिकवत. मूळचे मालवणकडचे, वर्गात शुद्ध बोलत, प्रयोगाच्या खोलीत आले की गावचं.

ती खोली म्हणजे जीवशास्त्राच्या लोकांनी मे अखेरपर्यंत उसनी दिलेली अडगळ होती. तिथे काचेच्या चपट्या बशांत अगरची जेली ओतून सर बुरशी वाढवत. मी नुकतीच बी.एस्सी. झालेली, त्यांची मदतनीस. रोज सकाळी दहाला प्रत्येक बशीवर पातळ कागद ठेवून बुरशीची कड गिरवायची, हे माझं काम.

"मधी काय घडना नाय गे," ते म्हणत. "आतले पोट भरून बसलेले. भूक असता ती कडेच्यांका."

खरंच, वाढ कडेलाच होई. बुरशीचा ठिपका रोज जवळजवळ सारख्याच अंतराने पुढे सरके. त्याचं समीकरण त्यांनी मांडलं होतं. पण पातळ जेलीवर, जिथे अन्न कमी, तिथे कड गोल न राहता तिला बोटं फुटत. त्या दोन बोटांत अंतर किती, हे समीकरणातून काढायचं आणि माझ्या कागदांवर मोजून ताडून पाहायचं, हा त्यांचा खरा बेत. तो त्यांनी मला कधी सांगितला नाही. "कडेक बघ" हे दिवसातून दहादा सांगत, पण मला ती त्यांची लकब वाटे.

मार्चमध्ये त्यांची आई आजारी पडली आणि ते गावी गेले. मला मोकळा वेळ मिळाला. शंभरावर कागद, पेन्सिल फिसकटलेली, कोपरे दुमडलेले. मला ते बघवेनात. प्रत्येक ठिपक्याची सरासरी त्रिज्या मी काढली, कंपासने वहीत सुबक वर्तुळं आखली, काळी शाई भरली, तारखा घातल्या. वाळलेल्या बशा धुऊन ठेवल्या. कच्चे कागद कांदिवलीला घरी नेऊन पाणी तापवायच्या बंबात घातले.

सर परतले. वही उघडून एकेक पान बघत राहिले.

"झकास काढलंस," ते म्हणाले. "आणि कच्चे खंय?"

"जाळले, सर. फार घाण झाले होते."

"सगळे?"

"बंबात."

त्यांनी वही मिटली. मग म्हणाले, "बाय माझे, आंघोळीच्या पाण्याक माझा वरीस जाळलंस. पाणी तरी कडकडीत तापला काय?"

त्यांना हवी होती ती बोटं माझ्या वर्तुळांत कुठेच नव्हती. मी रडले. पुन्हा सगळं करू म्हटलं. पण खोली सोडायला दोन महिने उरले होते, आणि पातळ जेलीवरच्या बुरशीला तेवढ्यात पुरेशी बोटं फुटत नाहीत. तरी आम्ही बशा लावल्या; निम्म्या वाळून गेल्या. सर समीकरणापुढे बसून पेन्सिल आपटत. "ह्या सांगता बोटां फुटतली. ह्या अंतरान फुटतली. पण खरा की खोटा, माका सांगतलो कोण?"

जूनमध्ये खोली गेली. वर्षभराने ते एका शाळेत शिकवायला गेले. मला कधी दोष दिला नाही, आणि त्याचाच मला जास्त राग येतो. एकदा ओरडले असते तर बरं झालं असतं. आणि आधी एकदा, बेत काय आहे हे चार वाक्यांत सांगितलं असतं तर? स्वतःवर चिडून झालं की मी त्यांच्यावर चिडते.

ते शाळेत गेल्यावर माझ्या घरच्या टेबलाच्या खणात, टीपकागदाखाली, तीन कच्चे कागद सापडले. मी ते त्यांना टपालाने पाठवले. आठवड्यात परत आले, सोबत एक ओळ: "तिनावर काही सिद्ध होत नाही. तू ठेव." त्यानंतर चार-पाच वर्षांनी ते वारल्याचं कळलं. समीकरणाची वही त्यांच्या घरच्यांनाही सापडली नाही.

ते तीन कागद माझ्याजवळ आहेत. पेन्सिल पुसट झाली आहे, पण बोटं मोजता येतात.