गरम पट्टीवरचं थालिपीठ

बायकोलाही आजवर सांगितलं नाही ते सांगतो. चऱ्होलीचा एक चांगला वळू मी थालिपिठापायी नापास केला.

तळवड्याला, कारखान्यांच्या गाळ्यांत, आमची छोटी प्रयोगशाळा होती. वळूचं वीर्य सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचं आणि शुक्राणू कसे पळतात ते लिहायचं, हे माझं काम. त्यासाठी काच अंगाच्या उबेइतकी कोमट लागते, म्हणून शेजारी एक विजेची गरम पट्टी असायची. एसीत डबा गारठायचा, त्यामुळे त्या पट्टीवर माझी न्याहारी असायची. साहेब सोडून सगळ्यांना ठाऊक होतं.

त्या दिवशी बायकोनं दोन थालिपिठं दिली होती. पट्टी भरली. मी स्टीलच्या टेबलावरची काच उचलली, थेंब ठेवला, पाहिलं, तर सगळे निपचित. ‘हालचाल नाही’ लिहिलं, साहेबांनी सही ठोकली.

वळूचे म्हातारे मालक कागदाकडे बघतच राहिले. “न्हाई कसं म्हंता सायेब? आमच्या आळीत चार गाई ह्याच्यापासनं गाभण हायत की!”

“तपासणीत दिसलं ते लिहिलं, मामा,” मी म्हणालो.

ते गेले. मी थालिपीठ उचललं, खालची पट्टी दिसली आणि ते तसंच डब्यात परत ठेवलं. गार काचेवर शुक्राणू मान टाकतात, हे नव्या माणसांना मीच शिकवायचो! पण बोलायचं म्हणजे साहेबांपुढे थालिपीठ कबूल करायचं. शिवाय नापास वळू पुन्हा तपासायची पद्धत आहे. येतील परत, म्हटलं.

आले ते सहा-सात महिन्यांनी, पेढे घेऊन. चारही गाई व्यायल्या होत्या, चारही वासरांच्या कपाळावर बापाचा पांढरा चांद.

“आन् वळू?” मी विचारलं.

“खच्ची केला की, त्याच आठवड्यात. पारावर बसू देईनात. म्हनायचे, मामा, नळीत वळूचंच दिलतं ना, का तुमचं?” ते स्वतःच खो खो हसले. “पर तुमी येळंवर सांगितलंत. बी तवाच सरलं आसंल त्याचं.”

मी पेढा तोंडात टाकला. लगेच दुसराही. तोंड रिकामं झालं असतं तर बोलावं लागलं असतं, राव.

तो वळू आता बैल होऊन गाडी ओढतो. चऱ्होलीच्या पारावर, सगळ्यांसमोर, मामांना एवढं सांगणं माझ्याकडे अजून बाकी आहे: तुमचा वळू चांगला होता, काच गार होती.