रविताचा खोटा विटाळ

आमगावच्या रविता कटरेची पाळी बाविसाव्या वर्षी थांबली. गल्लीला ते कळू नये म्हणून तिची आई, रुख्माबाई, दर महिन्याला तिला पडवीत वेगळी बसवू लागली. पाळीचा पत्ता नाही आणि विटाळ मात्र चालू! असली अक्कल बदनामीच्या भीतीतूनच सुचते.

दुखणं २००९ सालचं. मानेत गाठी आल्या, तपासणीत कर्करोग निघाला. नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी आडपडदा ठेवला नाही. औषधांनी जीव वाचेल, पण अंडाशय बहुधा निकामी होईल. आधी त्याचा तुकडा काढून द्रवरूप नायट्रोजनात गोठवून ठेवता येईल.

"म्हंजे बैलाचं बी ठेवतेत ते टाकी?" रविताचे वडील खेमराज म्हणाले. जनावरांचे डॉक्टर गायीसाठी तसली टाकी मोटारसायकलला बांधून आणत.

रुख्माबाईने कपाळावर हात मारला. रविता म्हणाली, "हो बाबा, तसलीच टाकी. ठेवा म्हणा."

औषधांनी रोग गेला आणि पाळीही गेली. केस परत आले, तसे अंगाचे भपारे सुरू झाले. आईच्या वयात फुटायचा तो घाम लेकीलाच फुटायचा. ती गोंदियाला राइस मिलच्या ऑफिसात लागली, रोज रेल्वेने जाऊ-येऊ लागली. स्थळं आली की स्वतःच सगळं सांगायची. पाहुणे चहा संपवून उठायचे.

२०१६ साली तो गोठवलेला तुकडा परत पोटात बसवायचं ठरलं.

"कायले पुन्हा पोट फाडून घेतेस?" रुख्माबाई चिडली. "जित्ती हायेस ना?"

"जित्ती हावो म्हणूनच. तू नागपूरले सोबत चल माय. तुझं ते बसणं मी चालू ठेवतो."

सौदा झाला.

नागपूरला डॉक्टरीणबाईंनी समजावलं. त्या तुकड्याच्या पट्ट्या नुसत्या शिवल्या, तर रक्त पोचायच्या आतच पुष्कळशी बीजांडं मरतात. म्हणून रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाच्या मऊ जेलमध्ये त्या बसवायच्या. जेल त्यांना धरून ठेवतो, नव्या रक्तवाहिन्या त्यातून आत शिरतात, मग तो आपोआप विरघळतो. प्रयोग नवा आहे, हमी नाही.

"म्हंजे परह्याच्या मुळाले चिखल," रुख्माबाई एकदम बोलली. परहा, म्हणजे धानाची रोपं, उपटून रोवण्यात तिचा जन्म गेला होता.

"चिखलच समजा." बाई हसल्या. "पण परहाही सगळा लागत नाही."

"नाही लागला तर नाही," रविता म्हणाली. "न रोवता तर नाहीच लागणार." आणि सही केली.

शस्त्रक्रिया झाली. रोवणी आटोपली, धान लोंब्यांवर आलं, तरी काही नाही. रविता ठरल्याप्रमाणे पडवीत बसायची, उठायची, मिलमध्ये जायची. रुख्माबाईने विचारणंही सोडलं.

दिवाळीच्या तोंडावर एका सकाळी रविता चुलीपुढून उठून मोरीत गेली, ती बऱ्याच वेळाने बाहेर आली.

"माय, पाळी आली."

रुख्माबाईच्या हातातलं सूप खाली पडलं. तांदूळ सांडले. ती लेकीला धरून रडली, आणि मग दचकली. "अवं, पण परवाच तं तू बसून उठली! शेजारच्या सुमित्राबाईले आता काय सांगू?"

रविताने हात धुतले. बसलेल्या बाईने हात लावू नये अशी लोणच्याची बरणी उघडली, वाटी भरली आणि कुंपणाशी गेली.

"काकू, माय तुमाले सात वर्षं खोटं सांगून राह्यली होती. खरी आज आली."

सुमित्राबाईने वाटीकडे पाहिलं. "मले माहीत होतं पोरी. दोरीवर कपडा कधी दिसलाच नाही." तिने एक फोड तोंडात टाकली. "आता लेकरू?"

"ते अजून लय दूर हाये काकू. मुळं धरली, एवढं झालं."

मागे रुख्माबाई पडवीतली सतरंजी गुंडाळत होती. रविताने नागपूरला फोन लावला.