पेमाताईंना न विचारता छापलेलं नाव

पेमाताई काल गेल्या.
मी त्यांचा गुन्हेगार आहे.

दर हिवाळ्यात आर्णीत तिबेटी लोकांची स्वेटरची दुकानं लागतात. त्यातलं कोपऱ्यातलं पेमाताईंचं. भंडाऱ्याकडच्या निर्वासितांच्या वसाहतीतून यायच्या.

लहानपणी वडिलांच्या पाठीवर बसून त्यांनी तिबेटची सीमा ओलांडली होती. मोठा भाऊ आजीजवळ मागेच राहिला.

बोलायच्या मात्र आपल्यासारख्या.
"हा रंग तुले नाही शोभत, भाऊ. तो घे."

मी तेव्हा एका पेपरचा तालुका वार्ताहर. नवा नवा. बातमीवर आपलं नाव छापून यावं, याची भूक.

एका दुपारी चहा पिता पिता त्या मोकळ्या झाल्या. भावाचा कधीमधी फोन येतो म्हणाल्या. तिकडून जास्त बोलता येत नाही, सरकारी माणसं फोन ऐकतात. "जेवली का" विचारतो आणि ठेवतो.

मग एकदम थांबल्या.
"हे लिहू नको. माहं लिही, दुकानाचं लिही. त्याचं नको."

मी हो म्हणालो.

आणि सगळं लिहिलं. भावाचं नाव, गाव, पेमाताईंचा फोटो. ऑफिसात बातमी तपासणाऱ्यांनी काही घुसवलं नव्हतं. सगळं माझंच.

बातमी व्हायरल झाली. संपादक साहेबांनी कौतुक केलं. मी पेपर घेऊन हौसेनं दुकानावर गेलो.

त्यांना मराठी वाचता यायचं नाही. मी वाचून दाखवायला लागलो. भावाचं नाव आलं तसा त्यांनी हात वर केला.

"बस. काहून लिहिलं?"

"त्याच्याशिवाय स्टोरी होत नव्हती, ताई."

असं मी त्यांच्या तोंडावर म्हणालो. त्यांनी गिऱ्हाइकाकडे तोंड वळवलं.

पुढच्या हिवाळ्यात विचारलं, भावाचा फोन?
"नाही आला."
त्याच्या पुढच्या हिवाळ्यातही नाही.

माझ्या बातमीमुळेच का? कोण सांगणार. मी वेबसाइटवरून ती काढायला लावली, पण स्क्रीनशॉट फिरतच राहिले.

मागच्या वर्षी विद्यापीठातली एक मुलगी आली. विस्थापितांवर पीएचडी करत होती. माझी जुनी बातमी तिला कुठेतरी सापडली होती. मी तिला पेमाताईंकडे नेलं. वाटलं, हाकलून देतील.

त्या म्हणाल्या, "बोलतो ना मी. पण लिहिलं का मले वाचून दाखवजो. मी नाही म्हटलं तं खोडजो."

महिन्याभरानं ती लिहिलेली पानं घेऊन परत आली. दोन दुपारी वाचत होती. मी बाजूलाच.

"हे 'बिचारी' काढ. मी दुकान चालवतो."

तिनं काढलं.

मग पेमाताईंनी स्वतःहून एक गोष्ट घालायला सांगितली.
"लिही, एका पेपरवाल्यानं मले इचारलं नाही. त्याचं नाव नको लिहू. त्याले लेकरं हायेत."

माझ्याकडे पाहिलंही नाही.

आज सकाळी त्यांच्या मुलीला फोन केला. रडत नव्हती. एवढंच म्हणाली, "मामाला कसं कळवायचं तेच समजत नाही. नंबर लागतच नाही."



ही पोस्ट आधी तिला वाचून दाखवली. तिनं दोन वाक्यं काढायला लावली, काढली. पेमा हे त्यांचं खरं नाव नाही. फोटो टाकत नाही.

पेमाताई, माफ करा म्हणायचं राहूनच गेलं. शेवटचा नमस्कार तेवढा घ्या.