सुगीच्या लिलावात ओढ्याचं पाणी

मंडळी, आज आमच्या चर्चमध्ये सुगीचा सण होता. वेदीपुढे भोपळे, मेथी, अंडी मांडलेली. त्यातच मी ओढ्याच्या फेसाळ पाण्याची बाटली ठेवली. तरुण पोरं हसली. हसा! पण आधी ऐका.

सत्तरच्या दशकात आम्ही कुरुळीला, एका रसायनांच्या कंपनीजवळ राहायचो. आई शेतमजूर. एका सुगीला तिनेही अर्पणात अशीच बाटली ठेवली. चर्चच्या पाळकसाहेबांनी विचारलं, "मार्थाबाई, हे काय?"

"देवानं दिलं त्यातलंच आणायचं ना साहेब? वढा त्यानंच दिला व्हता. कंपनीनं त्याचं ह्ये केलं. आमी ह्येच पितो."

उपासनेनंतर नेहमीसारखा चर्चच्या मदतीसाठी अर्पणातल्या वस्तूंचा लिलाव झाला. कोंबड्या गेल्या, भोपळे गेले. बाटलीवर कुणी बोली लावेना. शेवटी त्याच कंपनीत सुपरवायझर असलेले जोसेफकाका उठले. मान खाली घालून म्हणाले, "ती मला द्या."

सोमवारी त्यांनी ती कंपनीच्या मोठ्या साहेबांच्या टेबलावर ठेवली आणि झाकण उघडलं. घाण वास खोलीभर पसरला. नोकरी जाणार म्हणून काकू आठवडाभर रडत होत्या. नोकरी राहिली. कंपनीने सांडपाण्यासाठी टाकी बांधली. पुढच्या वर्षी ओढ्यात मासे दिसले, मी स्वतः पकडलेत.

आता त्याच ओढ्यावर पुन्हा तोच फेस आहे. आज माझ्या बाटलीवरही बोली लागली नाही. पण जेवताना एक इंजिनीयर मुलगी जवळ येऊन बसली. "काका, बाटली मी नेऊ? तो ओढा आमच्याच कंपनीमागून जातो."

म्हटलं, "ने बाळा. झाकण मात्र साहेबांसमोरच उघड."

तुमच्याकडची बाटली कोण नेणार?